‘फ्लॅटवाल्यांनी घेऊ नये’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, आमच्या हॅम रेडिओच्या (हौशी रेडिओ) एंड-फेड अँटेनेला, म्हणजे एका टोकाला डबा लावलेल्या लांब वायरला, तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्हाला त्रास झाला, सुट्टीचा दिवस गच्चीवर उन्हात गेला, त्याबद्दल मनापासून सॉरी. पार्सल सांगितल्यापेक्षा उशिरा मिळालं त्याबद्दलही सॉरी.

पण तुम्ही लिहिलंय की "४० ते १० मीटरची एंड-फेड म्हणून विकतात, एसडब्ल्यूआर एकाही बँडवर धड नाही, ७ मेगाहर्ट्झला ६ च्या वर, डबा गरम होतो, तीनशे रुपयांच्या वायरचे ४२०० घेतले, पुण्यातल्या फ्लॅटवाल्यांनी घेऊ नये". (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना रेडिओशी किती जुळते त्याचा आकडा, १ उत्तम, वाढेल तितका वाईट.) हे सगळे वाचतात हो सर. परीक्षा पास होऊन नवीन कॉलसाइन (लायसन्ससोबतचं रेडिओवरचं नाव) मिळालेली मुलं पहिली अँटेना शोधताना हेच वाचतात, आणि माझं दुकान त्यांच्यावरच चालतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुख्य गोष्ट अशी की तुम्ही वायर कापलीत. रिव्ह्यूमध्ये ते एका ओळीत "जागेप्रमाणे थोडी ॲडजस्ट केली" असं आलंय. थोडी नाही सर. गच्ची १४ मीटर आहे म्हणून तुम्ही २० मीटरची वायर १४ वर आणलीत, हे तुम्हीच मला व्हॉट्सॲपवर सांगितलंत. एंड-फेड हाफवेव्हमध्ये वायरची लांबी हीच सगळी अँटेना असते, डबा फक्त वायरच्या टोकाचा दोन-अडीच हजार ओहम रेडिओला लागणाऱ्या ५० वर आणतो. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, मीटरमध्ये लांबी येते. ७.१ साठी (हाच ४० मीटरचा बँड) साधारण २० मीटर. मग तीच वायर १४, २१ आणि २८ ला (२०, १५ आणि १० मीटरचे बँड) पण चालते कारण ते ७ चे दुप्पट, तिप्पट, चौपट आहेत, एवढ्यासाठीच तर ही अँटेना ट्यूनरशिवाय (अँटेना जुळवून देणारं यंत्र) चार बँड देते. आता १४३ भागिले १४ करा, १०.२ येतात. तुम्ही नॅनोव्हीएनएचा (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) जो फोटो रिव्ह्यूला जोडलाय त्यात डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी होतो ती जागा, कुठे आहे बघा, १० च्या जरा पुढे, आणि तिथे एसडब्ल्यूआर दीडच्या आत आहे. २१ ला त्यातल्या त्यात बरं दिसतं असं तुम्ही लिहिलंय, तेही त्याच कारणाने, १०.२ ची दुप्पट २०.४ होते. म्हणजे डबा बरोबर काम करतोय सर, तुमच्याच फोटोत तो बरोबर काम करताना दिसतोय. याचं मला खरंच वाईट वाटलं, की पुरावा तुम्हीच लावलात आणि दोष माझ्या डब्याला दिलात.

ऑर्डरच्या आधी मी गच्चीचं माप विचारलं होतं, एकदा नाही, परत परत. तुम्ही म्हणालात "बसवतो मी, तुम्ही पाठवा". तेव्हाच मी तीन पर्याय सांगितले होते. पहिला, कॉइलवाली छोटी एंड-फेड, सगळी मिळून १२ मीटरच्या आसपास, ४०, २० आणि १० देते पण १५ देत नाही आणि ४० मीटरवर बँडविड्थ कमी, आपल्याकडे ७.० ते ७.२ आहे त्यातला एक तुकडाच नीट मिळतो. दुसरा, ९:१ चा (ओहम नऊ पट कमी करणारा) डबा आणि कुठलीही बेताची वायर, पण त्याला बाहेरचा ट्यूनर लागतोच कारण रिगमधला (रेडिओ सेटमधला) ट्यूनर साधारण ३ एसडब्ल्यूआरपर्यंतच सांभाळतो. तिसरा, पूर्ण २० मीटर पण वाकवून. फॅन डायपोल (मधून केबल दिलेली, अनेक वायरींची अँटेना) मी सुचवला नाही कारण मधोमध खांब आणि लोंबणारी कोॲक्स केबल तुमच्या सोसायटीत कुणी चालवून घेतली नसती. तुम्हाला १५ पण हवा होता आणि ट्यूनर नको होता, म्हणून तिसरा ठरला.

आणि वाकवलेली चालते सर! सरळ ताणलेली असावी असं काही नाही. एल करा, यू करा, टाकीच्या खोलीवरून तिरकी खाली आणा, फक्त परत स्वतःच्या शेजारून समांतर दुमडू नका. सदाशिव पेठेतल्या वाड्यांच्या जागी झालेल्या बिल्डिंगांवर, कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांवर लोक अशीच लावतात, दोन पीव्हीसी पाइप किंवा बांबू आणि नायलॉनची दोरी, बस. वाकवल्यावर डिप थोडा सरकतो, मग टोकाकडून बोटभर बोटभर कमी करत जायचं. म्हणूनच आम्ही वायर मुद्दाम जरा लांब देतो.

फोटोत अजून एक दिसलं. वायरचं टोक तुम्ही लोखंडी रेलिंगला चिकटपट्टीने बांधलंय. टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, १०० वॉटला डब्याच्या बाहेर ५०० व्होल्टच्या आसपास जातं. प्लीज ते आजच सोडवा, गच्चीवर लहान मुलं येतात. डबा गरम होण्याचं कारणही कापलेली वायरच, एसडब्ल्यूआर ६ असताना एफटी-८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) फुल पॉवरवर मिनिटामागून मिनिटं चालवलं तर कोणताही टोरॉइड (डब्यातली चुंबकीय कडी) तापणार. एफटी-८ ला पॉवर निम्म्याहून खाली ठेवा असं डब्यासोबतच्या कागदावर लिहिलंय.

किमतीबद्दल. वायर तीनशेची असेल, मी नाही म्हणत नाही. पण आतला २४०-४३ कोअर (तीच टोरॉइड कडी) बाहेरून येतो, कॅपॅसिटर ३ किलोव्होल्टचा आहे, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत कारण पुण्याच्या पावसाळ्यात साधे एका सीझनमध्ये गंजतात. वाइंडिंग मी स्वतः हाताने करतो आणि प्रत्येक डबा २४५० ओहमचा लोड लावून तपासूनच पाठवतो. बुधवार पेठेत याचे सुटे भाग एका जागी मिळत नाहीत, आम्ही ते गोळा करून बसतो. एवढं करून हातात फार काही राहत नाही सर.

नॉइजचं (रेडिओवरची खरखर) म्हणाल तर मीटरवर दिसणारा एस-७ इतका नॉइज लिफ्टच्या ड्राइव्हचा किंवा जिन्यातल्या एलईडीचा असू शकतो, मेन स्विच पाडून बॅटरीवर रिग लावून बघा, तुमच्या घरातला आहे की सोसायटीचा ते लगेच कळेल. रिगजवळ कोॲक्सवर चोक (नॉइज अडवणारी कडी) टाकला तर पण फरक पडतो.

आमच्याकडून आता कापू नका असा ठळक स्टिकर डब्यावर लावायचं बघतोय आणि मापाचा फॉर्म पण करू, पार्सलचं पण काहीतरी चांगलं बघू.

तुमची वायर मी पैसे न घेता परत २० मीटरची करून देतो, जोड सोल्डर करून स्लीव्ह टाकून, कोथरूडला असाल तर रविवारी सकाळी गच्चीवर येऊन लावून पण देईन. त्यानंतरही ७.१ ला एसडब्ल्यूआर २ च्या खाली आला नाही तर पूर्ण पैसे परत. आला तर मात्र रिव्ह्यू बदला एवढीच विनंती, किमान "फ्लॅटवाल्यांनी घेऊ नये" हे वाक्य तरी काढा. कापलेला ६ मीटरचा तुकडा टाकला नसेल तर जपून ठेवा, तोच जोडू. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही फोन करा.

७३ (म्हणजे शुभेच्छा)