"अक्षरं तुटतात" या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार, रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी तीन, आमच्या स्क्रिप्ट फॉन्टमधली अक्षरं मध्येच तुटतात, सगळी एकसारखी येतात त्यामुळे हाताने लिहिल्याचा फील येत नाही, आणि ब्रोशरचा मजकूर वाचता येत नाही. सोबत स्क्रीनशॉट टाकलात ते फार बरं केलंत, नाहीतर नुसते अंदाज बांधत बसलो असतो.

तर तुटण्याचं कारण त्या स्क्रीनशॉटमध्येच दिसतंय, वर्डमध्ये स्पेसिंग 'एक्सपांडेड' केलेलं आहे. अहो हा जोडून लिहिलेल्या अक्षरांचा फॉन्ट आहे, प्रत्येक अक्षराची शेवटची रेघ पुढच्या अक्षराला बरोब्बर जाऊन भिडेल अशी बेतलेली असते, मध्ये जागा सोडली तर ती भिडणार कशी? स्पेसिंग 'नॉर्मल' करा, काम झालं. वेबसाइटवर वापरणार असाल तर तिथेही लेटर स्पेसिंग शून्यच ठेवा.

एकसारखेपणाचं म्हणाल तर 'ओ', 'टी', 'एल' अशा बऱ्याच अक्षरांची दोन-तीन रूपं फॉन्टमध्ये आहेत, डबल टी आला तर दोन्हींवरून एकच आडवी रेघ ओढली जाते (माझा सगळ्यात लाडका भाग हाच, आणि तुमच्याकडे नेमका तोच दिसत नाहीये). पण वर्ड हे आपणहून करत नाही. फॉन्टची विंडो उघडा, अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये लिगेचर्स (दोन-तीन अक्षरं जोडून केलेली रूपं) 'स्टँडर्ड ओन्ली' करा आणि 'यूज कॉन्टेक्स्च्युअल अल्टरनेट्स'वर (शेजारच्या अक्षरानुसार बदलणारी रूपं) टिक करा. इलस्ट्रेटरमध्ये हेच पर्याय ओपनटाइप पॅनलमध्ये बघा, आणि कर्निंग (अक्षरा-अक्षरांमधलं अंतर) 'ऑप्टिकल' असेल तर 'ऑटो' करा, ऑप्टिकलने पण सांधे निसटतात.

तिसरी तक्रार मात्र मला पटलेली नाही. अख्खा पॅरेग्राफ, तोही 9 पॉइंटमध्ये आणि हेडिंग सगळं कॅपिटलमध्ये, कुठलाच स्क्रिप्ट फॉन्ट हे निभावून नेणार नाही. फ्रेंच फॉन्ट डिझायनर रॉजर एक्सकोफाँने 1953 मध्ये स्वतःच्या हस्ताक्षरावरून 'मिस्ट्राल' हा स्क्रिप्ट फॉन्ट केला, आजही तो शोभतो तो पाट्यांवर आणि लोगोत, मजकुरात नाही. बारीक रेघा लहान साइजला गायबच होतात, आणि कॅपिटलचे फराटे पुढे स्मॉल अक्षरं येणार असं धरून काढलेले असतात, सगळीच कॅपिटल टाकली की सगळे एकदम बोलायला लागल्यासारखं होतं. नाव, टॅगलाइन, आमंत्रणाचं हेडिंग, लेबल, एवढ्यापुरता हा ठेवा, बाकी मजकुराला साधा सॅन्स सेरिफ (अक्षरांच्या टोकांना बारीक रेघा नसलेला फॉन्ट).

अजून एक, बोर्डासाठी व्हिनाइल कटिंगला देणार म्हणालात. देण्याआधी आउटलाइन करून (म्हणजे टाइप केलेली अक्षरं नुसत्या आकारांत बदलून) सगळी अक्षरं 'युनाइट' करून, म्हणजे एकत्र जोडून घ्या, नाहीतर जिथे एकावर एक रेघ आलीये तिथे मशीन प्रत्येक सांध्यात कापत जाईल.

एवढं करूनही अडलं तर फाइल ईमेलवर पाठवा, हेडिंग मी स्वतः लावून देतो. पॅरेग्राफ मात्र या फॉन्टमध्ये लावून देणार नाही, एक स्टार कमी केलात तरी.