घरात बसलोय म्हणजे रिकामा बसलोय का?

काल पुण्याच्या कंपनीचा मेल आला. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले चार दिवस ऑफिसात हजर राहायचं. रात्री जेवताना सांगितलं तर बाबा म्हणाले, "बरं झालं. आता जरा नोकरीला लागल्यासारखं वाटेल." घास हातातच राहिला माझा. २०२० च्या मार्चमध्ये लॅपटॉप पाठीला लावून बेळगावात अनगोळला परत आलो आणि घरून काम सुरू केलं, तेव्हापासून मी करत काय होतो मग?

सकाळी दहाचा कॉल चालू असतो आणि समोरचे काका खिडकीतून विचारतात, "काय करूलास? सुट्टी हाय काय आज?" रोज! गॅसवाला आला, दार उघड. मावशीला खडेबाजारात जायचंय, सोड. आत्याचा फॉर्म भरायचाय, भर. "घरातच आहेस की." कानाला हेडफोन दिसतो तरी हाक मारतात. रात्री साडेनऊला मी अमेरिकेशी बोलत बसतो, तेव्हा मात्र बघायला कुणी नसतं.

बाबांनी उद्यमबागच्या कारखान्यात ३१ वर्षं लेथ चालवली. त्या घामावरच मी शिकलो, त्याबद्दल वावगा शब्द काढणार नाही. पण शिफ्ट संपताना त्यांचा सुपरवायझर काय मोजायचा? पीस. किती उतरले, किती रिजेक्ट गेले, व्हर्नियर लावल्यावर माप बसतं की नाही. नुसतं मशीनसमोर उभं राहिल्याबद्दल बाबांना कुणी शाबासकी दिली नाही. माझंही तेच आहे. मी सॉफ्टवेअर तपासतो. किती चुका पकडल्या, किती नजरेतून सुटून गिऱ्हाइकापर्यंत गेल्या, सगळं तारीखवार लिहिलेलं असतं. बाबांना एकदा उघडून दाखवलं. म्हणाले, "ते असू दे, तुझा साहेब कुठं बसतो?"

आणि घरून काम करायचं खूळ म्हणे आमच्या पिढीनं आणलं! बेळगावात राहून हे बोलवतं कसं? वडगाव-खासबागेत जाऊन या. ज्या घरात माग त्याच घरात चूल, मागाच्या खडखडाटात पोरं अभ्यास करतात आणि तिथूनच साड्या बाजारात जातात. त्या विणकराला कुणी सुट्टी आहे का म्हणून विचारत नाही. निपाणीकडं बायकांनी मांडीवर सूप घेऊन घरात बिड्या वळल्या, हजार बिड्यांमागं मजुरी घेतली, संसार चालवले. (त्यांच्या कामालाही "बायका बसल्या बसल्या करतात" म्हणणारे होतेच.) मागावर साडी दिसते, सुपात बिडी दिसते. माझ्या स्क्रीनवरचं तुम्हाला कळत नाही म्हणून ते काम नाही?

मॅनेजर बाबांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असेल, पण बोलणं तेच. "आम्ही साहेबाच्या आधी यायचो आणि साहेबानंतर निघायचो." माझ्या टीममधले दोघं चेन्नईत, एक नोएडात, क्लायंट डॅलसला. म्हणजे मी साडेतीनशे किलोमीटर जाऊन हिंजवडीतल्या खुर्चीवर बसायचं आणि हेडफोन लावून याच माणसांशी बोलायचं! त्यासाठी डिपॉझिट, भाडं, डबा, शुक्रवारी रात्रीची बस. पगार आहे तेवढाच. नवीन पोरांना सीनियरच्या शेजारी बसून शिकायला मिळायला हवं, हे मला मान्य आहे. मीही तसाच शिकलो. त्यासाठी महिन्यातला एक आठवडा मागा, आनंदानं येतो.

ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीनं १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला होता, २०२४ मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम, पूर्ण वेळ नव्हे. कामाच्या मूल्यमापनात आणि बढतीत फरक पडला नाही, नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशानं घटले. तिथल्या मॅनेजरांनाही आधी वाटत होतं की काम घटेल. प्रयोगानंतर त्यांचंच मत फिरलं. मी हे आमच्या मॅनेजरला पाठवलं. उत्तर आलं, "कल्चर महत्त्वाचं आहे." कसलं कल्चर? डोकी मोजायचं?

आमच्या गल्लीत २०२० च्या आधी गणपती-दिवाळी सोडली तर माझ्या वयाचं कुणी दिसायचं नाही. सगळे पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. मी निघालो की आई बसपर्यंत यायची आणि पदर डोळ्याला लावायची. गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला तिला दवाखान्यात नेलं ते मी, आणि सकाळी दहाच्या कॉलला हजर होतो तोही मीच. तेव्हा बाबा म्हणाले होते, "बरं झालं तू होतास." आता मी जाणार तर तेही बरंच झालं?

पुण्याला जावं लागलं तर जाईन, हप्ते आहेत डोक्यावर. पण जाईपर्यंतचे हे तीन आठवडे मी रोज दहाला त्याच टेबलावर बसणार आहे. काकांनी खिडकीतून परत विचारलं, तर बाबांनी कट्ट्यावरून एकदा तरी मोठ्यानं सांगावं, "पोरगा कामावर आहे."