आधी गोळी बघा
न चाललेल्या पिस्तुलांवरच्या एका लेखात म्हटलंय का जायरोजेट, ब्रेन टेन ही पिस्तुलं काळाच्या पुढे होती म्हणून चालली नाहीत, मला नाही पटत. आमचे आप्पा वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झाले, जिथे बंदुकीच्या गोळ्या बनतात तिथूनच, ते नेहमी सांगायचे आधी गोळी बघ मग बंदूक. जायरोजेटची गोळी म्हणजे छोटं रॉकेटच, नळीतून निघताना एकदम हळू, वेग पुढे जाऊन पकडायची, म्हणजे समोरचा जवळ असला का जोरच नाही. पण ब्रेन टेनचं खरंच वाईट वाटतं हो, 10 मिमीची जबरदस्त गोळी आणि मॅगझिनच, म्हणजे गोळ्या भरायचे खोकेच, वेळेवर बनले नाहीत, लोकांना बिनमॅगझिनची पिस्तुलं मिळाली, 1986 ला कंपनी बुडाली. गोळी मात्र आजही चालते, ग्लॉक 20 हे पिस्तूल तिच्यावरच आहे.