रुद्रनाथ ऐनवेळी बदलता येत नाही

काल रात्री सव्वाअकरा वाजता, निघायला बारा दिवस उरलेले असताना, आमच्या ग्रुपवर संदेश आला: "दादा, रुद्रनाथचं राहू द्या, केदारनाथलाच जाऊ, तिथं हेलिकॉप्टर मिळतं." त्याखाली तिघांनी हात जोडल्याचे चित्र टाकले आणि विषय मिटला असे समजून सगळे झोपी गेले. मी दीड वाजेपर्यंत जागा होतो. उत्तर लिहीत होतो आणि पुसत होतो, कारण जे लिहिले जात होते ते नात्यातल्या माणसाला पाठवण्यासारखे नव्हते.

उत्तराखंडातल्या पंचकेदारांमध्ये, म्हणजे महादेवाच्या पाच देवळांमध्ये, त्याच्या मुखाची पूजा रुद्रनाथला होते आणि त्या मुखदर्शनासाठीच हा घाट घातला आहे, हे मी पहिल्या दिवशी सांगितले होते. सागर गावापासून सुमारे २० किलोमीटरची पायवाट, देऊळ साधारण ३,६०० मीटरवर, वाट केदारनाथ अभयारण्यातून जाते म्हणून वनविभागाची परवानगी, पहिला मुक्काम पनारच्या कुरणावर, हे सारे लिहून दिले होते. त्यावर माझ्याखेरीज सातही जणांचे "नक्की" आले. आता ज्यांना हेलिकॉप्टर आठवले, त्यांना केदारनाथची नोंदणी वेगळी करावी लागते आणि हेलिकॉप्टरची तिकिटे कितीतरी आधी संपतात, एवढीही चौकशी करावीशी वाटली नाही. चौकशी दादाने करायची, पैसे दादाने भरायचे आणि बेत मात्र यांनी रात्री अंथरुणात पडून बदलायचा!

रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळे. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले आहे. म्हणून परभणीहून सचखंड एक्स्प्रेसची आठ तिकिटे एकत्र मिळावीत यासाठी मी सकाळी आठच्या ठोक्याला संगणकासमोर बसलो होतो. त्याआधीचे चार दिवस आधारकार्डे गोळा करण्यात गेले. एकाने कार्ड गादीवर ठेवून फोटो काढला होता आणि शेवटचे चार आकडे त्याच्याच अंगठ्याखाली होते. पुन्हा मागितले तर तोच फोटो पुन्हा आला. "बघू", "जमवू" आणि हात जोडल्याचे चित्र या तीन गोष्टींचा मला मनस्वी तिटकारा आहे. येणार असाल तर हो म्हणा, नसाल तर नाही म्हणा. माणूस नकाराने मोडत नाही, लटकत ठेवल्याने मोडतो.

गेल्या वर्षी पंचकेदारांपैकीच तुंगनाथचा बेतही असाच बुडाला. चोपत्यापासून जेमतेम चार किलोमीटरची बांधीव वाट, पण कोणाच्या तरी साडूच्या घरचा साखरपुडा आडवा आला. त्याआधी हरिश्चंद्रगडावर एकजण चामडी चप्पल घालून आला आणि उतरताना त्याची सॅक माझ्या पाठीवर होती. तेव्हाही मी काही बोललो नाही, ही माझीच चूक झाली.

आपल्याकडे औंढ्याला, परळीला, वेरूळला देवळाजवळपर्यंत गाडी जाते, म्हणून हिमालयातला देवही तसाच भेटेल असे लोक धरून चालतात. तिथे ऋषिकेशहून सागरजवळच्या गोपेश्वरपर्यंतच गाडीचा अख्खा दिवस जातो, आणि दम लागतो तो त्यानंतर. सपाटीवर राहणाऱ्या माणसाने त्या उंचीवर घाई केली तर डोके ठणकते, उलट्या होतात आणि प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून मी महिनाभर दर रविवारी माहूरला पायऱ्या चढायला चला, असे सांगत होतो. पहिल्या रविवारी पाच जण आले, दुसऱ्या रविवारी दोघे, आणि पुढचे दोन रविवार मी एकटाच पाठीवर सॅक घेऊन रेणुकामातेच्या पायऱ्या चढलो. काल ज्याने हेलिकॉप्टर सुचवले, तो त्यातल्या एकाही रविवारी आला नव्हता.

आज सकाळी मी हेलिकॉप्टरवाला आणि हात जोडणारे तिघे, अशा त्या चौघांची तिकिटे रद्द केली, कापले गेलेले पैसे त्यांच्या वर्गणीतून वजा केले आणि उरलेली रक्कम हिशेबासह परत पाठवली. एकाचा फोन आला: "दादा, राग आला का?" आला आहे, असे मी स्पष्ट सांगितले. आता आम्ही चौघे उरलो आहोत आणि रुद्रनाथलाच जाणार आहोत. चौघांपैकी एकाने अजून बूट घेतलेले नाहीत; संध्याकाळी त्याला घेऊन मी स्वतः दुकानात जाणार आहे.