‘स्पष्टवक्ता’ यांस उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार. स्की क्रॉस म्हणजे बर्फाच्या उतारावरची चौघांची स्कीइंग शर्यत. त्यातल्या कॅनडाच्या ब्रेडी लेमनच्या कारकिर्दीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “ठाण्यात बसून बर्फाच्या गप्पा मारणं सोपं असतं, महाशय. मी स्वित्झर्लंड बघून आलोय. स्की क्रॉस म्हणजे लॉटरी, पुढचा पडला की मागचा जिंकतो. त्यात साल चुकलंय, आणि कॅनडासारख्या पैसेवाल्या देशाचं कसलं कौतुक?”

साल चुकलं, मान्य. स्की क्रॉस ऑलिंपिकमध्ये आलं २०१० साली, व्हँकुव्हरला. मी २००६ लिहिलं, ते स्नोबोर्ड क्रॉसचं, म्हणजे दोन स्कीऐवजी एकाच फळीवरून होणाऱ्या तशाच शर्यतीचं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ‘महाशय’. हा शब्द मराठीत कोण कुणाला आदराने म्हणतं हो? भाडं थकवणाऱ्या बिऱ्हाडकरूला आमचे आजोबा महाशय म्हणायचे. मुद्दा मांडायचा तर सरळ मांडा, टोमणा कशाला?

आणि ‘ठाण्यात बसून’ म्हणजे काय? तुम्ही वाशीचे, हे तुमच्याच जुन्या प्रतिक्रियेत आहे. वाशीत बर्फ मासळीच्या पाटीत असतो तेवढाच. राहता राहिलं माझं बसणं. एकोणिसाव्या वर्षी कळव्याच्या मैदानावर चढाईला गेलो होतो. कोपरारक्षकाने घोटा पकडला, मी मध्यरेषेकडे वळलो, पाय काही वळला नाही. गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध, फाटला. ऑपरेशननंतर ठाणे स्टेशनचा पूल मी दोन्ही पाय एकाच पायरीवर आणत चढायचो, पट्टा करकरायचा आणि मागून कुणीतरी ओरडायचं, “ओ, चला ना!” त्या वर्षी गणपतीत पंगतीला मांडी घालता येईना, म्हणून मला म्हाताऱ्यांच्या रांगेत खुर्चीवर बसवलं. एकोणीस वर्षांच्या पोराला! कबड्डी तिथेच संपली.

म्हणून कॅनडाच्याच स्की क्रॉसपटू मरिएल थॉम्पसनचं वाचताना माझा हात आपोआप गुडघ्यावर जातो. २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये सुवर्ण. ऑक्टोबर २०१७ मध्ये गुडघ्याचे अस्थिबंध फाटले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये बाई प्योंगचांगच्या स्टार्ट गेटवर हजर! महिने मोजा, बोटांवर मावतात. तिथे बाद फेरीत लगेच बाहेर गेली, पण २०२२ ला बीजिंगमध्ये रौप्य घेऊन आली. हे समजायला बर्फ लागत नाही, एक फाटलेला गुडघा पुरतो. तुमचा फाटलाय का कधी?

लॉटरीचं थोडक्यात सांगतो. चौघं एकदम सुटतात, उड्या आणि कलती वळणं घेत खाली येतात, पहिले दोघं पुढच्या फेरीत. धक्के लागतात, हे मी लेखातही लिहिलंय. पण लेमनचा पाय मोडला आणि २०१० चं ऑलिंपिक हुकलं. सोचीच्या फायनलमध्ये तो चौथा आला, पुढचे तिन्ही फ्रेंच. सुवर्ण मिळालं २०१८ ला. त्या फायनलमध्ये कॅनडाचाच केविन ड्रुरी पडला खरा, पण तो लेमनच्या मागे. म्हणजे ‘पुढचा पडला की’ हे तुमचं वाक्य तिथे लागूच होत नाही. शर्यत पाहिलीत, की नुसता निकाल?

तुमच्या स्वित्झर्लंडचं विचारतो. सहलवाले ग्रिंडेलवाल्डला नेतात, तुम्हालाही केबल कारमधून फिरवलं असेल. मार्च २०१२ मध्ये त्याच गावी, विश्वचषकाच्या शर्यतीत, अगदी शेवटच्या उडीनंतर निक झोरिचिच जाळीवर आदळला आणि गेला. लेमनचाच कॅनडाच्या संघातला सहकारी. लॉटरीचं तिकीट फाडून टाकता येतं. इथे पुढच्या हंगामात पुन्हा त्याच गेटवर उभं राहावं लागतं, आणि लेमन राहिला.

पैशाचा विषय वेगळा आहे. त्यावर कधीतरी लिहीन, किंवा लिहिणारही नाही.

ता. क. : पावसाळ्यात माझा गुडघा अजून ठणकतो आणि काल रात्रीपासून ठाण्यात धो धो कोसळतोय. स्वर थोडा चढला असेल. तुमच्याकडे ऊन होतं का?