छप्पनची बोडी

आमच्या शेतात एक बोडी आहे. पुण्या-मुंबईकडच्यांना बोडी म्हटलं की भलतंच काहीतरी वाटतं म्हणून आधीच सांगून टाकतो, भंडारा-गोंदियाकडे शेतातल्या छोट्या तळ्याला बोडी म्हणतात. तलाव गावाचा, बोडी घरची. आमची पाऊण एकराची असेल, एका बाजूला मातीची पाळ, पाळीवर मोहाची दोन झाडं, आत बेशरमीची झुडपं माजलेली आणि त्या बेशरमीत शेजाऱ्याच्या म्हशी. सप्टेंबरात पावसानं दडी मारली की धानाला शेवटचं एक पाणी हीच देते, तेवढ्यासाठी घरात तिला म्हाताऱ्या माणसाचा मान.

तर झालं असं की मीच फॅमिली ग्रुपवर तिचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आमची २०० वर्षं जुनी बोडी." दोनशे कुठून आणले मला विचारू नका, फोटोखाली बरे दिसले. पाच मिनिटांत बंगलोरच्या भाच्याचा मेसेज, "मामा, सोर्स काय?" आता पोरगं आयटीत आहे, त्याला सगळ्यालाच सोर्स लागतो, पण ग्रुपवर सासरची मंडळीपण आहेत ना, म्हटलं आता मागे हटायचं नाही.

पहिला सोर्स मोठे बाबा. ते म्हणाले दोनशे काय घेऊन बसला, चारशे! गोंडराजानं हुकूम काढला होता की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, आणि आपल्या पणजोबानं बोडी बांधली. मी म्हटलं मोठे बाबा, पणजोबा चारशे वर्षांपूर्वी कसे असतील? तर म्हणाले, "मंग पणजोबाचा पणजोबा असन! तू का तवा होतास?" यावर उत्तर नसतं. गोंडराजाची गोष्ट आमच्या भागात सगळेच सांगतात, आणि तलाव बांधण्यात कोहळी लोकांचा हात धरणारं कोणी नाही हेही खरंच, पण राजा नेमका आमच्याच धुऱ्यावर येऊन हुकूम देऊन गेला हे जरा जास्त होतं. मोठ्या आईचं म्हणणं, ती लग्न होऊन आली तेव्हा बोडी होती, कारण तिची नवी चप्पल त्यात बुडाली. लहान काका म्हणे बोडीबिडी काही नाही, घर सारवायला माती नेऊन नेऊन खड्डा पडला.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. आजी तिला कायम "छप्पनची बोडी" म्हणायची आणि वर म्हणायची, "मूठभर चण्यावर खोदली आपल्या लोकांनी."

मला तर लॉटरीच लागली. छप्पन म्हणजे १९५६! १९५१ ला मालगुजारी म्हणजे आमच्याकडची जमीनदारी गेली, १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, मधल्या काळात आमचे आबाजी म्हणजे आजोबा मोकळे झाले आणि त्यांनी स्वतःची बोडी खोदली, अशी थिअरी मी रात्री साडेअकराला ग्रुपवर टाकली. सतरा अंगठे आले. भाचा म्हणाला, "मामा, डॉक्युमेंट?"

मग काय, ऑफिसं. सातबाऱ्यावर बोडी पोटखराब्यात, म्हणजे पीक न घेण्याच्या जमिनीत. चारशे वर्षांचा राजेशाही इतिहास आणि कागदावर खराबा! जुन्या नोंदी बघायच्या म्हणून एका रेकॉर्ड रूमला गेलो तर तिथल्या बाबूंनी विचारलं, "मामा आहे का?" सकाळपासून भाच्याचं मामा मामा ऐकून डोकं फिरलेलं, मी म्हटलं, "हो, मीच." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आमच्या चार जिल्ह्यांत सहा हजारांच्या वर आहेत, हे मला शाळेपासून पाठ, पण ऐनवेळी जीभ घसरते ती घसरतेच. "नाही हो, बोडी." "मंग खाजगी. अर्ज द्या, तिकीट लावा, पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात साहेब मीटिंगला. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाले, "रुमाल सापडत नाही." मी खिशातून माझा काढून दिला. नागपूरवरून एसटीनं शंभर किलोमीटर आलेला माणूस घामाघूम असतो हो, त्याला एकदम कसं सुचावं की दप्तराच्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. चौथ्या खेपेला सापडला, १९५६ च्या नोंदी बघितल्या, बोडी खोदल्याचं अक्षर नाही. उलट त्याच्या कितीतरी आधीच्या नकाशावर बोडी जागच्या जागी बसलेली, आमच्या मोहाच्या झाडांपेक्षा ठळक.

थिअरी बुडाली. तोंड पाडून गावच्या किराणा दुकानात चहा पीत बसलो, शेठजींना सगळं सांगितलं. शेठजी राजस्थानातले, तीन पिढ्या इथं, पण लेखावही अजून दिवाळीला पुजतात. ते हसायलाच लागले. "अरे भाऊ, छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६! छप्पनिया अकाल, छप्पनचा दुष्काळ! सत्तावन वजा कर." वहीच्या मागच्या पानावर त्यांनीच केलं, १९५६ मधून ५७ गेले, १८९९. एकदम ट्यूब पेटली. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९ ला पुन्हा पाऊस गेला, मध्य प्रांतात सरकारनं दुष्काळी कामं काढली, पोटासाठी लोक माती खोदत होते. मूठभर चणे तेच! आबाजी १९५६ ला खाऊनपिऊन सुखी होते, ते कशाला चण्यावर खोदतील, हे मला आधी का सुचलं नाही देव जाणे.

आता इंग्रजांच्या काळातल्या बंदोबस्ताची मिसल, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदींचं दप्तर काढलं. आणखी दोन खेपा. पिवळा कागद, कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या, बोट लावलं तरी बाबू ओरडायचे. पण होतं, स्पष्ट होतं. खसरा नंबर, "बोडी", आणि पुढे अमुक वल्द तमुक.

आडनाव आमचं नव्हतं.

शेजाऱ्याचं होतं. ज्याच्या म्हशी आमच्या बोडीत असतात, ज्याच्याशी तुडुम कधी उघडायचा म्हणजे पाणी कधी सोडायचं यावरून आमचं दर सप्टेंबरात वाजतं, आणि जो तीस वर्षं पाळीवर उभा राहून सांगतोय, "हे बोडी आमचीच होती बाप्पा", त्याच्या पणजोबाचं. तो असं म्हणाला की आम्ही सगळे हसायचो. मोठे बाबा तर खोकला येईपर्यंत. म्हणजे बोडी त्यांची, चणे आमचे. आजीनं "खोदली" म्हटलं होतं, "आपली" असं कधी म्हटलंच नव्हतं. पुढे ती आमच्याकडे कशी आली ते दुसऱ्या कुठल्यातरी रुमालात असेल, आणि तो सोडायला मी जाणार नाही.

घरी आलो तर मोठे बाबा ओट्यावरच. "का निघालं?"

"इंग्रजांच्या काळाआधीच्या कागदात नाही, पण सव्वाशे वर्षं नक्की."

"मी का म्हणत होतो? पणजोबाच!"

"हो," म्हटलं, "खोदली पणजोबांनीच."

नक्कल धानाच्या ढोलीत खालपर्यंत खुपसून ठेवली आहे. ग्रुपवर भाच्याला सांगितलं डॉक्युमेंट स्कॅन होत नाही, फार जीर्ण आहे. शेजारी काल विचारत होता, भाऊ, तुम्ही ऑफिसात कायले चकरा मारता? म्हटलं पीकविम्याचं आहे. आणि त्याच्या म्हशींना मी आजकाल काही बोलत नाही.