पद्मिनीचा पंप तोंडाने भरायचा नसतो

‘नवा एसी पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे नेणारा) कोरडा असतो, नळीतून तोंडाने पेट्रोल ओढा. तरी गाडी लागली नाही तर फिल्टर काढून कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागात) पेट्रोल ओतत सेल्फ मारा. पंपाखाली डबल पॅकिंग घाला, वर ओलं फडकं ठेवा.’ प्रीमियर पद्मिनीवाल्यांसाठी म्हणून फिरणारा हा फॉरवर्ड लालबागच्या भाच्यापर्यंत पोचला आणि तो नळी काढून बसलाही होता. कोण लिहितं हे असलं?

आधी तोंडाने ओढण्याचं. पेट्रोलच्या सुरक्षा-पत्रकावर एच३०४ हा इशारा असतो: गिळताना श्वसनमार्गात गेलं तर जीव जाऊ शकतो. पेट्रोल इतकं पातळ असतं की एका ठसक्याबरोबर थोडंसं फुप्फुसात उतरतं आणि तिथे सूज धरते. चुकून गेलंच पोटात, तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. वर येताना ते पुन्हा श्वासनलिकेत जातं. सरळ केईएम गाठा.

आणि गरजच काय? इंजिन फिरलं की कॅमशाफ्ट (उंचवटे असलेला इंजिनातला दांडा) पंप हलवतो, पंपातला लवचीक पडदा म्हणजे डायफ्राम टाकीतलं पेट्रोल उचलतो. इंजिनाला पहिलं मिनिटभर पेट्रोल मिळालं की झालं. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी पंपाकडच्या टोकाला सोडवा. बिनसुईच्या सिरिंजने तिच्यातून ३०-४० मिली पेट्रोल हळूहळू सोडा. कार्ब्युरेटरमधलं फ्लोटचं भांडं भरलं की सिरिंजचा दट्ट्या जड लागतो, तिथे थांबा. नळी लावा, क्लिप आवळा, सांडलेलं पुसा, वास जाऊ द्या, मगच सेल्फ. एका वेळी दहा सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती.

उघड्या कार्ब्युरेटरमध्ये ओतत सेल्फ मारला आणि इंजिनाने उलटा फटका दिला, तर ज्वाळा थेट बाटलीपर्यंत येते. यावर आणखी काय सांगायचं!

डबल पॅकिंगने पंप इंजिनापासून लांब जातो, पंप हलवणाऱ्या दांडीची ढकल कमी पडते आणि पेट्रोल अपुरं येतं. पॅकिंग कमी केलं तर उलट, डायफ्राम जास्त ताणला जातो. जुना जाड स्पेसर (पंप आणि इंजिनामधला तुकडा) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना होतं तेवढ्याच जाडीचं पॅकिंग, बस्स. पंप हाताने दाबून टेकत नसेल तर कॅमचा उंचवटा वर आहे. गाडी चौथ्या गिअरमध्ये थोडी पुढे ढकला, मग दोन्ही नट आलटून-पालटून आवळा. नटाच्या जोरावर ओढून बसवलात तर पंपाचा कान तुटतो.

ओल्या फडक्यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. मे महिन्यात दादरच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची वाफ धरली की काळी-पिवळीवाले तेच करायचे. पण नवा पंप पेट्रोल उचलत नसेल तर बहुधा टाकीकडची चिरलेली नळी हवा ओढत असते. तिथे थेंबही गळत नाही, म्हणून चटकन कळत नाही. पंपाच्या इनलेटला नवी आखूड नळी लावून पेट्रोलच्या बाटलीत बुडवा. आता उचललं तर पंप ठीक, दोष मागच्या लाइनमध्ये.

फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट: जुना डायफ्राम फाटला असेल तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरलेलं असतं. ऑइलची काडी काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलेपर्यंत सेल्फला हात लावू नका, पातळ ऑइलवर बेअरिंग जातात.